साखर आपली, तसे पाणीही आपले

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एका सभासद भगिनीने चार शब्द बोलावेत असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा चिटणीसताईंनी माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे आणि आजवर हळदीकुंकवाच्या निरोपापलीकडे मी कधी चार माणसांत बोललेली नाही. तेव्हा काही अडखळले तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.

याच जागी आपण बालसंगोपन, परसबाग, टाकाऊतून टिकाऊ अशी भाषणे ऐकली आहेत. माझा विषयही तसा टाकाऊतून टिकाऊचाच आहे. मात्र माझी टाकाऊ वस्तू जुने लुगडे नव्हे. ती आहे साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून निघणारे तांबडे-काळे पाणी. त्या पाण्यातून जळणाचा गॅस कसा निघतो, त्यात आपला फायदा कोणता, आणि गॅस निघाल्यावरही कोणते काम उरते, हे मी सांगणार आहे. बायकांच्या सभेत हा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येईल. पण पाणी भरतो आपण, शिजवतो आपण, आणि पोराबाळांना जुलाब झाले तर रात्र जागवतो आपणच. मग पाण्याविषयी आपण बोलायचे नाही तर कोणी बोलायचे?

हे पाणी येते कोठून, ते आधी पाहू. आपला ऊस गाडीतून काट्यावर गेला की आपण बिलाची वाट पाहतो. पुढे त्याचे काय होते इकडे आपले लक्ष नसते. एक टन ऊस गाळला की त्यातून साधारण पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस, म्हणजे चोथा निघतो. रस निवळताना तीस-चाळीस किलो गाळ निघतो, त्याला प्रेसमड म्हणतात. आणि साखरेचे दाणे काढून घेतल्यावर जो काळा, दाट, चिकट पाक उरतो ती मळी. ती चाळीस-पंचेचाळीस किलो भरते. आपल्याकडे काही जण त्या गाळालाही मळीच म्हणतात, त्यामुळे बोलताना घोटाळा होतो. मी पाकाला मळी आणि गाळाला प्रेसमड म्हणेन.

या मळीत साखर शिल्लक असते, पण तिचे दाणे पडत नाहीत. म्हणून ती डिस्टिलरीत नेतात, पाण्याने पातळ करतात, यीस्ट घालून आंबवितात आणि उकळून तिचा मद्यार्क काढतात. एक टन मळीचा सव्वादोनशे लिटरांच्या आसपास मद्यार्क होतो. औषधे, रसायने आणि हल्ली पेट्रोलमध्ये मिसळण्याचे इथेनॉल, सारे त्यातूनच. मद्यार्क उडून गेला की तळाला जे उरते त्याला डिस्टिलरीतली माणसे स्पेंटवॉश म्हणतात. एक लिटर मद्यार्कामागे हे पाणी जुन्या पद्धतीत दहा ते पंधरा लिटर निघते. नव्या पद्धतीत ते आठ लिटरांपर्यंत खाली आणता येते. म्हणजे रोज तीस हजार लिटर मद्यार्क काढणाऱ्या जुन्या पद्धतीच्या डिस्टिलरीतून रोज साडेतीन लाख लिटरांच्या पुढे हे पाणी बाहेर पडते. आपल्या गल्लीतल्या पाण्याच्या टँकरने मोजायचे म्हटले, तर दहा हजार लिटरांचे पस्तीस टँकर, आणि तेही रोज.

हे पाणी गरम असते, आंबट असते आणि कोऱ्या चहापेक्षाही काळे असते. त्यात विष घातलेले नसते. त्यात उसाचाच अंश असतो, यीस्टचा मेलेला साका असतो आणि उसाने जमिनीतून उचललेले पोटॅश असते. मग ते एवढे वाईट का? याचे उत्तर डिस्टिलरीत केमिस्टचे काम केलेल्या एका भाऊंनी मला समजावून दिले. पाण्यात कोणतीही कुजणारी वस्तू पडली की जंतू ती खाऊ लागतात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. नदीच्या स्वच्छ पाण्यात एका लिटरला फार तर आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. माशांचा जीव तेवढ्यावरच चालतो. आता या स्पेंटवॉशमधला सगळा माल नष्ट व्हायचा तर एका लिटरला ऐंशी हजारांपासून दीड लाख मिलिग्रॅमपर्यंत प्राणवायू लागतो. आपल्या घरांतले मोरी-संडासाचे पाणी घेतले तर हाच आकडा पाचशेच्या आसपास असतो. म्हणजे हे पाणी आपल्या सांडपाण्याच्या दोनशे पट भारी झाले. असे पाणी ओढ्यात सुटले की त्यातला प्राणवायू बघता बघता संपतो, मासे तडफडून वर येतात, आणि मग सडका दर्प सुटतो.

माझ्या माहेरी हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तो कारखाना कोणता, ते मी सांगणार नाही; नाव घेऊन भांडण होते, पाणी काही निवळत नाही. ओढ्याच्या काठी आमच्या तीन विहिरी होत्या. एका पावसाळ्यात वरच्या अंगाला साठविलेले पाणी ओढ्यात आले, आणि दिवाळीपर्यंत तिन्ही विहिरींचे पाणी तांबूस झाले. डाळ शिजेना, धुतलेल्या पांढऱ्या कपड्याला डाग राहू लागले, गुरे तोंड लावीनात. माझी आई त्या वेळी साठीच्या घरात होती. ती आणि माझी वहिनी, दोघी पुढची चार वर्षे अर्ध्या कोसावरून डोक्यावरून पाणी आणीत होत्या. ओढा एक-दोन पावसात धुऊन निघतो. पण जमिनीत मुरलेले पाणी तसे निघत नाही. म्हणून एकदा विहीर गेली की ती वर्षानुवर्षे जाते, हे आपण पक्के ध्यानात ठेवावे.

आता दुसरी बाजू. जे पाणी प्राणवायू इतका खाते, त्यात जळणही तितकेच दडलेले असते. ते काढण्याची रीत आपल्याला अनोळखी नाही. शेणाचा गोबर गॅस आपण पाहिलेला आहे. मुंबई राज्यात जशभाई पटेल यांनी गोबर गॅसच्या टाकीवर लोखंडी घुमट बसविण्याची रचना केली आणि १९६०च्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने ती देशभर नेली. देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांनी तर संडासाला जोडलेल्या गॅसच्या टाकीसाठी सारी उमर वेचली. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने खरकटे आणि पिठाळ पदार्थ यांवर चालणारी लहान टाकी तयार केली, तिला २००६ साली परदेशात ॲशडेन पारितोषिक मिळाले. शेण असो, मैला असो, खरकटे असो की स्पेंटवॉश असो, आत जंतूंचे काम एकच.

ते काम स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सांगते. आपण दुधाला विरजण लावतो तेव्हा काय करतो? दूध कोमट ठेवतो, थोडे जुने ताक घालतो, झाकतो आणि हलवीत नाही. गॅसच्या टाकीचेही तसेच आहे. स्पेंटवॉश आधी थंड करतात. टाकी आपल्या अंगाच्या उष्णतेइतकी, म्हणजे पस्तीस ते सदतीस अंशांच्या आसपास ठेवतात. सुरुवातीला विरजण म्हणून ताजे शेण किंवा दुसऱ्या चालू टाकीतला गाळ घालतात. हवा आत जाऊ देत नाहीत, कारण हे जंतू हवेत जगत नाहीत. आधी एका जातीचे जंतू त्या पाण्यातल्या मालाचे आम्ल करतात आणि मग दुसऱ्या जातीचे जंतू त्या आम्लाचा गॅस करतात. हे दुसरे जंतू फार नाजूक. एकदम जास्त पाणी ओतले तर आम्ल वाढते आणि ते मरतात. म्हणून तान्ह्या मुलाला वरणाचे पाणी सुरू करावे तसे थोडेथोडे वाढवीत न्यावे लागते. टाकी नीट लागायला काही महिने जातात, आणि बिघडली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

जो गॅस निघतो त्यात निम्म्याहून थोडा अधिक, पंचावन्न ते साठ टक्के, जळणारा मिथेन असतो. बाकीचा बहुतेक कर्बवायू असतो आणि थोडा भाग सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या गंधकाच्या वायूचा असतो. एक हजार लिटर स्पेंटवॉशमधून पंचवीस ते पस्तीस घनमीटर गॅस मिळतो. आपल्याला घनमीटर समजत नाही, पण सिलिंडर समजतो. एक घनमीटर गॅस म्हणजे जळणाच्या हिशेबाने सुमारे साडेचारशे ग्रॅम स्वयंपाकाचा गॅस. तेव्हा एक हजार लिटर काळ्या पाण्यात आपला चौदा किलो दोनशे ग्रॅमचा जवळजवळ एक सिलिंडर दडलेला असतो. मघाशी सांगितलेल्या डिस्टिलरीचा हिशेब केला तर रोजचे तीनशेच्या आसपास सिलिंडर होतात. हा हिशेब मी दोनदा करून पाहिला, आणि माझ्या मुलीकडून तिसऱ्यांदा करवून घेतला.

मग तो गॅस आपल्या चुलीला का देत नाहीत, असे शेजारच्या काकूंनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. त्या गॅसमध्ये गंधकाचा वायू असल्यामुळे तो तसाच घरात जाळणे धोक्याचे आहे. शिवाय डिस्टिलरी बारा महिने सारखी चालत नाही, आणि घरोघर नळी टाकण्याचा खर्च मोठा. म्हणून बहुतेक ठिकाणी तो गॅस कारखान्याच्याच बॉयलरला जाळतात आणि तेवढा बगॅस किंवा कोळसा वाचतो. वाचलेल्या बगॅसवर वीज करता येते किंवा तो विकता येतो. अलीकडे गॅस शुद्ध करून, दाबाने भरून गाड्यांना देण्याची योजनाही निघाली आहे. केंद्र सरकारने २०१८ साली ती सुरू केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोपरगावच्या सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे सहकारी साखर कारखान्यात असा प्रकल्प सुरू झाला. तेथे रोज बारा टन दाबलेला गॅस करण्याची योजना आहे, आणि उरलेल्या पाण्यातून पोटॅशचे दाणेदार खतही काढावयाचे आहे. हा सभासदांच्या मालकीचा कारखाना आहे, म्हणून त्याचे नाव मी मुद्दाम घेते.

साखरेखेरीज दुसऱ्या धंद्यांतही हे होते. आपल्या उपासाचा साबुदाणा घ्या. तो बहुतांशी तामिळनाडूतल्या सेलमकडून येतो आणि तेथे टॅपिओका नावाच्या कंदापासून करतात. कंद धुऊन, किसून, गाळून सत्त्व काढताना पाणी भरपूर लागते, आणि ते साचले की आंबून घाण सुटते. सेलमच्या साबुदाणा उत्पादकांची १९८१ सालापासून सहकारी संस्था आहे. त्या भागातल्या काही कारखान्यांनी झाकलेल्या टाक्या बांधून त्या पाण्याचा गॅस काढला आणि तो जळणासाठी व विजेसाठी वापरला. आपण एकादशीला खिचडी करतो तिच्यामागेही असे पाणी आहे, हे मला या भाषणाच्या तयारीत प्रथमच कळले.

हे पाणी उघड्या खड्ड्यात साठवून ठेवले तरी गॅस होतोच. फक्त तो आपल्या हाती न लागता आकाशात जातो, आणि मिथेन हवेत गेला तर कर्बवायूपेक्षा कितीतरी पट अधिक उष्मा धरून ठेवतो. म्हणजे टाकी बांधली नाही तर वास आपल्याला, तोटा कारखान्याला आणि ताप साऱ्या जगाला.

आता सहकाराचा मुद्दा. आपल्या सासऱ्यांच्या पिढीला पुष्कळांनी सांगितले होते की शेतकऱ्याला कारखाना चालविणे जमणार नाही. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून भाग गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले, आणि १९५० साली महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. एकेकट्याच्या गुऱ्हाळाला जे जमले नसते ते सर्वांच्या भागांनी जमले. त्यातून शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, आमच्या पिढीच्या मुली शिकल्या. हे उपकार मी विसरलेली नाही, आणि कोणी विसरू नयेत.

पण सहकार म्हणजे नफ्यात भाग आणि तोट्यात पाठ, असे नव्हे. घरात सून आली म्हणून तिने जेवणाच्या पंगतीला बसावे आणि खरकटी काढताना उठून जावे, असे चालते का? जेवली ती सर्व ताटे मिळूनच घासावी लागतात. साखर आपली आहे, उसाचे बिल आपले आहे, तर डिस्टिलरीचे पाणीही आपलेच आहे. ते ‘कारखान्याचे’ पाणी म्हणून आपण नाक दाबून घेतो आणि कारखान्यातली मंडळी ‘गावकऱ्यांची कुरकुर’ म्हणून कानावर हात ठेवतात. मग त्या पाण्याला कोणीच धनी राहत नाही. बिनधन्याचे पाणी उताराकडे जाते, आणि उताराला नेहमी कोणाची तरी विहीर असते.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, ज्यावर पोट चालते त्याच्यावर बोट कशाला दाखवावे? आमच्याही घरचा ऊस कारखान्याला जातो आणि या सभेतल्या कितीतरी जणींची माणसे तेथे कामाला आहेत. तरीही मी म्हणते, आपल्या घरातले माणूस आजारी पडले तर आपण ते लपवीत नाही, औषध करतो. बोलणे म्हणजे वैर नव्हे. उलट जो भागधारक गप्प बसतो, तो आपल्याच घराकडे दुर्लक्ष करतो.

भगिनींनो, गॅस काढला म्हणजे सगळे झाले असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. ही माझ्या भाषणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. टाकीतून बाहेर पडलेल्या पाण्याचा भार पुष्कळ कमी झालेला असतो, पण संपलेला नसतो. लाखाचा आकडा निम्म्याच्या बराच खाली आला तरी तीस-चाळीस हजार उरतातच, आणि ते आपल्या मोरीच्या पाण्याच्या साठ-ऐंशी पट झाले. रंग तर जवळजवळ तसाच राहतो, कारण तो रंग हे जंतू खाऊ शकत नाहीत. क्षारही तसेच राहतात. पुढचे काम दोन-तीन रीतींनी करतात. एक म्हणजे ते पाणी प्रेसमडच्या ढिगांवर शिंपडून दीड-दोन महिन्यांत त्याचे खत करावयाचे. हे खत चांगले असते, त्यात पोटॅश असते; पण ढिगांखालची जमीन पक्की, पाणी न मुरणारी हवी आणि पावसाळ्यात ते काम बंद हवे. दुसरी रीत म्हणजे पाणी आटवून दाट करावयाचे आणि बगॅससारख्या जळणाबरोबर खास बॉयलरमध्ये जाळावयाचे. काही नव्या डिस्टिलऱ्या तर गॅस न काढता थेट आटवून जाळतात. रीत कोणतीही असो, आवाराबाहेर थेंब जाता कामा नये हे तिचे पथ्य. प्रदूषण मंडळांनीही डिस्टिलऱ्यांना हीच अट घातलेली आहे.

गॅसची टाकी दाखवायला सोपी असते. पाहुणे येतात, फीत कापतात, फोटो निघतो. त्या टाकीच्या पलीकडे जो खड्डा असतो तो दाखवायला कोणी नेत नाही. आपण तो पाहायला गेले पाहिजे. कारण कामाचा पहिला अर्धा भाग पैसे मिळवून देतो म्हणून तो आपोआप होतो. दुसऱ्या अर्ध्या भागाला पैसे खर्च होतात, म्हणून तो राहतो. आणि आपल्या विहिरीचे पाणी त्या दुसऱ्या भागावरच अवलंबून आहे.

हे आजच बोलण्याचे कारण असे की पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. त्यामुळे जागोजाग डिस्टिलऱ्या वाढल्या. उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केले तर निघणारे पाणी मळीच्या पाण्याहून हलके असते, हे खरे. तरीही इथेनॉल वाढले की पाणी वाढणारच. तेव्हा बांधणी चालू असतानाच विचारावे. खड्डा खणून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

येथे घरच्या माणसांसाठी एक काळजीची गोष्ट सांगते. टाकीतला तो सडक्या अंड्याच्या वासाचा वायू फार घातकी आहे. हवेत हजारात एक भाग इतका तो मिसळला तरी माणूस जागच्या जागी कोसळतो. थोडा असतो तेव्हा वास येतो; वाढला की नाकच बधिर होते आणि वास यावयाचा थांबतो. वास गेला म्हणजे धोका टळला असे वाटते, आणि तेथेच घात होतो. एक माणूस पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि एका खड्ड्यात तीन घरे बुडतात. म्हणून ज्यांचे पती, दीर, मुलगे ठेकेदाराकडे सफाईच्या कामाला जातात त्यांनी आजच घरी सांगावे: टाकीत, गटारात, खड्ड्यात उतरावयाचे नाही. आत हवा खेळविल्याशिवाय, मापन केल्याशिवाय, कमरेला दोर आणि तोंडाला श्वासाचे साधन असल्याशिवाय कोणीही सांगो, उतरावयाचे नाही. गटारे आणि मैल्याच्या टाक्या यांत साधनांशिवाय माणूस उतरविण्यास तर २०१३ च्या कायद्याने बंदीच केली आहे. दिवसाची मजुरी बुडाली तर मंडळाच्या भिशीतून देता येईल. माणूस गेले तर कोठून आणावयाचे?

आता आपण काय करावे, ते सांगून पुरे करते. मोठ्या गोष्टी नाहीत, आपल्या हातातल्या चार गोष्टी आहेत.

पहिली, पाण्याची वही. गावातल्या पाच विहिरी आणि पाच बोअर ठरवू. गळीत सुरू होण्याआधी, गळीत चालू असताना आणि पावसाळ्यानंतर प्रत्येकीचे पाणी पांढऱ्या काचेच्या बाटलीत भरून उजेडात पाहू, आणि रंग, वास, तारीख वहीत लिहू. वर्षातून एकदा नमुने जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवू. ‘पूर्वी पाणी चांगले होते’ या म्हणण्याला पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे ही वही.

दुसरी, चार प्रश्न. कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हे चार प्रश्न लेखी द्यावयाचे. रोज किती लिटर स्पेंटवॉश निघतो? त्यातून किती गॅस निघतो आणि तो कोठे जळतो? उरलेले पाणी कोठे जाते आणि त्या जागेची जमीन पक्की आहे का? आणि पावसाळ्यात त्याचे काय करतात? अहवालात साखरेचा उतारा छापतात, तशी या चार आकड्यांचीही एक ओळ छापावी, एवढीच आपली मागणी.

तिसरी, आपले नाव. सभेत बोलण्याचा हक्क भागधारकाला. या सभागृहात बसलेल्या किती जणींच्या नावावर भाग आहे, हे आपण मनातल्या मनात मोजावे. ऊस लावताना, खुरपताना, पाणी देताना आपण. सातबाऱ्यावर आणि भागाच्या दाखल्यावर मात्र आपण नाही. घरी भांडण न करता, चांगला दिवस पाहून हा विषय काढावा. एकेका घरातून एकेक नाव लागले तरी पाच वर्षांत सभेत आपली एक रांग होईल.

चौथी, तक्रार आणि शाबासकी दोन्ही. कोठे पाणी सुटलेले दिसले तर दिवस, वेळ, जागा लिहून, फोटो काढून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. हे मंडळ १९७० साली स्थापन झाले आहे ते याच कामासाठी. आणि जेथे काम चांगले झाले असेल तेथे आपल्या मंडळाने जाऊन पाहावे, हारतुरे न्यावेत. प्रेसमडचे खत चांगले निघाले तर आपल्या परसबागेसाठी एक ट्रॉली मंडळाने घ्यावी. नुसती खोट काढणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. हिशेब ठेवणाऱ्याचे ऐकावे लागते.

या चारही गोष्टींत एकही अशी नाही की जी एका बाईला एकटीने पार पाडता येईल. एकटीने विहिरीची तक्रार केली तर तिला भांडखोर म्हणतात. साठ जणींनी वही पुढे ठेवली तर तिला हिशेब म्हणतात. आपल्या मंडळाने आजवर भिशी चालविली, शिवणवर्ग चालविला, साथीच्या दिवसांत घरोघर काढा पोचविला. त्याच हातांनी ही वहीही चालेल.

पहिली वही मी विकत आणलेली आहे आणि येथे टेबलावर ठेवली आहे. सभा संपल्यावर ज्यांच्या दारात विहीर किंवा बोअर आहे त्यांनी आपले नाव घालावे, म्हणजे येत्या गळिताआधी पहिली पाहणी होईल. चिटणीसताईंनी त्याची एक तारीख आजच जाहीर करावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

 मंडळाला शंभर वर्षे आयुष्य लाभो.